एकवीस नग: इंग्लिश बोन चायनाचा संच जमवताना

सहा माणसांचा इंग्लिश चहाचा संच एकवीस नगांचा. सहा कप, सहा बश्या आणि सहा क्वार्टर प्लेट मिळून अठरा. वर दुधाचा जग, साखरेचं भांडं आणि केक-ब्रेडसाठी एक मोठी प्लेट. किटली यात धरत नाहीत, ती आली की बावीस. कॉफीचा संच पंधराचा: सहा कप, सहा बश्या, उभी किटली, जग, साखरेचं भांडं. हे गणित पाठ करूनच जुन्या बाजारात जावं, कारण ‘पूर्ण संच’ म्हणून मांडलेलं मोजायला घेतलं की बरेचदा एकोणीसच भरतात आणि कमी पडतात ते कप. कप रोज हाताळले जातात, त्यांना कान असतो, ते आधी जातात. प्लेट मात्र पन्नास वर्षं कपाटात सुखरूप बसून राहते. त्यामुळे सुट्या बश्या आणि प्लेटा मिळायला तोटा नाही, जोडीचा चांगला कप मिळायला दिवस लागतात. आमचा क्रम म्हणून ठरलेला: आधी कप, मग बाकीचं, किटली सगळ्यात शेवटी.

हा सगळा माल मुख्यतः एकाच गावचा. स्टोक-ऑन-ट्रेंट हे सहा गावांचं मिळून झालेलं शहर, त्यातलं लाँग्टन म्हणजे बोन चायनाचं घर. शेली, एन्स्ली, पॅरागॉन, रॉयल अल्बर्ट, कोलक्लो, हॅमर्स्ली हे सगळे कारखाने तिथले शेजारी. बाटलीच्या आकाराच्या विटांच्या भट्ट्यांच्या धुरात ते गाव काळं पडलेलं असे. १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा आला आणि कोळशाच्या त्या भट्ट्या गॅस-विजेपुढे मागे पडल्या. लाँग्टनच्या ग्लॅडस्टोन पॉटरी म्युझियममध्ये त्या अजून उभ्या आहेत. संग्रह सुरू करण्याआधी एक दिवस तिथे घालवला, तर पुढची बरीच चुकीची खरेदी वाचते.

मातीबद्दल आपल्याकडे हमखास विचारला जाणारा प्रश्न आधी निकाली काढू. होय, ‘बोन’ म्हणजे खरोखर हाड. मिश्रणात साधारण निम्मी जनावरांच्या, मुख्यतः गाई-बैलांच्या, हाडांची राख असते. उरलेल्यात जवळपास सारखी वाटणी इंग्लंडातल्या कॉर्नवॉलची पांढरी चिनी माती आणि तिथलाच कॉर्निश स्टोन हा खडक यांची. हाडं उच्च तापमानाला भाजून केवळ खनिज उरतं, पण उगम तोच. घरात हे चालणार नसेल तर खरेदीआधी ठरवा, संच आणल्यावर नाही. जुन्या सुंदर अर्दनवेअरचा, म्हणजे साध्या सच्छिद्र मातीच्या भांड्यांचा, पर्याय आहेच.

अर्दनवेअर आणि बोन चायना यांची गल्लत मात्र होऊ द्यायची नाही. १९५० च्या दशकातली काळी-पांढरी ‘होममेकर’ प्लेट, जिच्यावर खुर्च्या आणि दिव्यांची चित्रं आहेत, किंवा मिडविंटर कारखान्याचा ‘स्टाइलक्राफ्ट’ हे दोन्ही अर्दनवेअर. जमवण्याजोगे जरूर, पण बोन चायनाच्या भावाने घेण्याजोगे नाहीत. ओळख सोपी आहे. नग उजेडापुढे धरा आणि मागे बोटं फिरवा. बोन चायनात बोटांची सावली दिसते आणि आतला उजेड किंचित दुधाळ, उबदार असतो. कडक युरोपीय पोर्सलीनही पारदर्शक असतं, पण त्याची छटा करडी-निळसर पडते. अर्दनवेअरमधून काहीच दिसत नाही. झिलईवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक भेग दिसली तरी संशय घ्यावा. अर्दनवेअरचं अंग सच्छिद्र असतं. वर्षानुवर्षं ओल शोषून ते किंचित फुगतं, झिलई ताणली जाते आणि तडकते. बोन चायनाचं अंग पहिल्याच भट्टीत, १२०० अंशांच्या वर, पूर्ण घट्ट होतं आणि पाणी पीत नाही, म्हणून तिथे असं जाळं क्वचित.

याच भाजण्यातून एक दोषही येतो. बोन चायनाची झिलई दुसऱ्या भट्टीत, पहिलीपेक्षा कमी तापमानाला चढते, त्यामुळे ती कडक पोर्सलीनच्या झिलईपेक्षा मऊ असते. सुरीचे ओरखडे लवकर पडतात. प्लेट तिरक्या उजेडात धरली की ते दिसतात. त्यातल्या करड्या रेघा सगळ्याच ओरखडे नसतात. पुष्कळदा सुरीचा धातू झिलईवर घासून उरलेला असतो, आणि तो सौम्य क्रीम क्लीनरने निघतो. नख फिरवून बघा: अडकलं तर ओरखडा, घसरलं तर धातूचा डाग. सोनं किंवा रंग असलेल्या जागी मात्र क्रीम लावायचं नाही.

आता टेबलावरची तपासणी. यात घाई केली की पैसे गेले.

कप उचलायचा तो कानाला धरून नाही, बुडाशी. कान वेगळा ओतून पातळ मातीने भाजण्याआधी चिकटवलेला असतो, त्यामुळे सगळा कमकुवतपणा त्या दोन सांध्यांत. सांध्याभोवती तपकिरी केसासारखी रेघ असेल तर ती चीर आहे आणि चहा तिच्यात मुरला आहे. मोबाइलचा टॉर्च कपाच्या आत धरा, बाहेरून बघा. चीर असेल तर उजेडात काळी रेघ उमटते. मग कड. डोळ्यापेक्षा बोट खरं बोलतं. कडेवरून हलकेच बोट फिरवलं की मोहरीएवढा टवकाही लागतो. बश्यांचे टवके बहुधा बुडाच्या कड्याला असतात, म्हणून उलटं करून तीच चाचणी तिथेही.

माठ घेताना आपण टिचकी मारतो, तसंच इथेही. बशी तीन बोटांच्या टोकांवर तोलायची आणि कडेला नखाने हलकी टिचकी. चांगली बशी घंटेसारखी वाजते आणि नाद क्षणभर रेंगाळतो. चीर असेल तर ‘ठप्प’. कपाच्या बाबतीत एक गंमत आहे. कानाच्या रेषेत टिचकी मारली तर एक सूर येतो, कानापासून ४५ अंशांवर मारली तर थोडा वरचा. कानाचं वजन एका कंपनाला जड पडतं, दुसऱ्याला नाही. त्यामुळे दोन जागी दोन सूर आले म्हणून चांगला कप परत ठेवू नका. किटली तोटी, कान आणि झाकणाच्या खाचेमुळे नीट वाजतच नाही; तिथे टॉर्च आणि बोट एवढाच आधार.

दुरुस्ती ओळखणं सगळ्यात अवघड. चांगल्या कारागिराने भरलेला टवका नुसत्या डोळ्याला दिसत नाही. पण रेझिनची जागा हाताला झिलईपेक्षा किंचित कोमट आणि गुळगुळीत-चिकट लागते. ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च जवळ असावा. अंधाऱ्या कोपऱ्यात तो मारला की दुरुस्तीचा रंग आजूबाजूच्या झिलईपेक्षा वेगळा चमकतो. विक्रेत्याला विचारून मारावा, प्रामाणिक विक्रेता कधी नाही म्हणत नाही.

सोन्याची कड शेवटी बघायची, पण बघायची नक्की. बहुतेक मालावर द्रवरूप सोन्याचा अगदी पातळ थर आहे, तो भट्टीतूनच चकचकीत निघतो. महागड्या मालावरचं घोटून चमकवलेलं सोनं जाडसर आणि थोडं मंद असतं, जास्त टिकतं. झीज तीन जागी असते: ओठ लागतो ती कड, कानाचा माथा, आणि प्लेटचा मध्य. मध्यभागी का? प्लेटा एकावर एक रचल्या की वरच्या प्लेटचं बुडाचं कडं खालच्या प्लेटच्या चित्रावर घासतं. मधल्या फुलावर गोल पुसट पट्टा दिसला तर वापरापेक्षा ठेवण्यातच ती प्लेट खराब झाली आहे.

बुडाचा शिक्का हा संग्राहकाचा आवडता खेळ आहे आणि फसगतीची आवडती जागाही. ‘इंग्लंड’ हा शब्द साधारण १८९१ नंतरचा, अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे आला. ‘मेड इन इंग्लंड’ आणि ‘बोन चायना’ दोन्ही असतील तर माल विसाव्या शतकातला समजावा. त्यापुढे प्रत्येक कारखान्याची तऱ्हा वेगळी. रॉयल क्राउन डर्बी सगळ्यात सोयीचं: १९३८ पासून शिक्क्याखाली रोमन आकडा वर्ष सांगतो. १९३८ चा एक, त्यामुळे १९५० चा तेरा आणि १९६० चा तेवीस. रॉयल डोल्टनच्या काही नगांवर मुकुटाच्या शेजारी छोटा आकडा असतो; त्यात १९२७ मिळवले की वर्ष निघतं. ‘रेजिस्टर्ड’ क्रमांक असेल तर आठ लाख साठ हजारांच्या आसपासचा आकडा १९५० चा, आठ लाख पंचाण्णव हजारांचा १९६० चा, ढोबळमानाने. पण तो आकार किंवा नक्षी नोंदवल्याचं वर्ष आहे, तुमच्या हातातला कप घडवल्याचं नाही.

नेमकी हीच चूक रॉयल अल्बर्टच्या ‘ओल्ड कंट्री रोझेस’मध्ये सर्रास होते. हॅरल्ड होल्डक्रॉफ्ट यांची ही नक्षी १९६२ ची, आणि १९६२ हा आकडा हक्कनोंद म्हणून पुढे कित्येक वर्षं शिक्क्यात छापला गेला. विक्रेता तो दाखवून ‘साठच्या दशकातला’ म्हणतो. ‘मेड इन इंग्लंड’ किंवा नुसतं ‘इंग्लंड’ही नसेल तर तो माल बराच नंतरचा, उत्पादन देशाबाहेर गेल्यावरचा. डिझाइनर सूझी कूपर यांच्या कपांवर उलट, सोपी खूण आहे. त्यांनी १९५० मध्ये लाँग्टनचा जेसन चायना कारखाना घेतला आणि बोन चायना सुरू केलं. १९६६ मध्ये तो वेजवुड या मोठ्या समूहाकडे गेला. शिक्क्यात ‘वेजवुड समूहाचा सदस्य’ अशा अर्थाची ओळ असेल तर नग १९६६ नंतरचा. नसेल, आणि आकार ‘क्वेल’ असेल, तर तो पन्नाशीतला धरायला हरकत नाही. त्यांचा सरळ डब्यासारखा ‘कॅन’ आकार त्याच दशकाच्या अखेरीचा.

शिक्क्यावरून आडवा ओरखडा गेलेला दिसला तर तो अपघात नव्हे. तो कारखान्यानेच मारलेला असतो: दुय्यम प्रतीचा माल. कुठे झिलईत बारीक खड्डा, कुठे भट्टीतली धूळ चिकटलेली, कुठे नक्षी तिरकी. वापरायला असा कप उत्तम. संग्रहात घेतला तर भाव त्या हिशेबाने द्यावा. आणि ‘रॉयल’ या शब्दाला भुलू नये. रॉयल स्टँडर्ड, रॉयल व्हेल ही व्यापारी नावं आहेत, राजवाड्याची पावती नाही.

१९५२ हे साल लक्षात ठेवण्यासारखं. युद्धात १९४२ पासून ब्रिटनमधल्या घरगुती ग्राहकाला नक्षीचा माल विकायला बंदी होती. रंगीत, सोनेरी ते परदेशी चलनासाठी बाहेर. घरी साधा पांढरा, किंवा निर्यातीतून नाकारलेला. ही बंदी ऑगस्ट १९५२ मध्ये उठली. म्हणून चाळीशीच्या उत्तरार्धातले शेलीचे उत्तम नग कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलियात जास्त सापडतात. शेलीचा सहा पाकळ्यांचा ‘डेंटी’ आकार १८९६ पासून चालत आलेला, पण त्याच्यावरच्या फुलांच्या बारीक छपाया त्या काळात तिकडे भरभरून गेल्या. शेलीचा कारखाना १९६६ मध्ये दुसऱ्या समूहात गेला, त्यामुळे त्याच्या मालाची शेवटची सीमा ठरलेली आहे.

नक्षी हाताची की छापील, यासाठी दहापट भिंग लागतं. पूर्ण हाताचं काम असेल तर कुंचल्याचे फटकारे दिसतात आणि दोन कपांवरची फुलं जुळत नाहीत. पुष्कळ माल मधला आहे: बाह्यरेषा छापलेली, रंग कारखान्यातल्या बायकांनी हाताने भरलेले. तिथे रंग रेषेबाहेर थोडा सांडतो आणि बुडाशी रंगाचा एखादा ठिपका, म्हणजे त्या रंगकर्मीची खूण असते. छापील मालात जुने ठिपके अनियमित असतात. अगदी काटेकोर, सारख्या ओळीतली ठिपक्यांची जाळी दिसली तर छपाई अलीकडची. जुन्या पांढऱ्या कपावर नवं चित्र चढवून विकणारेही असतात.

कपाला बशी जोडीची आहे ना, हे शिक्क्यावरून आणि बुडाच्या खळग्यावरून बघायचं. कप खळग्यात नीट बसला पाहिजे, डुगडुगता कामा नये. शिक्के वेगळ्या वर्षांचे असू शकतात, कारण मोडलेली बशी पुढे कधीतरी भरून काढलेली असते. पांढऱ्या रंगाची छटा मात्र शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात ताडावी. पिवळसर बल्बखाली सगळंच जुळतं.

लिलावात घेत असाल तर कागदावर आधी हिशेब करा. हातोडा ६० पौंडांवर पडला. खरेदीदाराचं कमिशन समजा २५ टक्के, म्हणजे १५. त्या कमिशनवर २० टक्के व्हॅट, ३. तुमचा खर्च ७८, त्यावर पॅकिंग आणि पाठवणी वेगळी. कमिशनचा दर प्रत्येक लिलावघराचा निराळा असतो, आधी वाचावा. मिश्र पेटी घेतली तर त्यात नको असलेल्या बश्याही येतात, पण हव्या त्या दोन कपांचा भाव निघतो का एवढंच बघायचं. इंग्लंडातल्या न्यूअर्कसारख्या जुन्या वस्तूंच्या मोठ्या जत्रेत सकाळी लवकर माल जास्त, दुपारी भाव कमी. मुंबईत चोर बाजारच्या मटण स्ट्रीटवर इंग्लिश क्रॉकरी दिसते, तिथेही बोट, टॉर्च, टिचकी हेच नियम.

शोभेच्या वस्तूंबद्दल थोडक्यात, कारण तिथे आमचं मन फारसं रमत नाही. चिनी मातीच्या फुलांच्या टोपल्या, ज्या क्राउन स्टॅफर्डशायर आणि ॲडर्ली यांनी भरपूर केल्या, त्यात प्रत्येक पाकळी हाताने चिमटून केलेली असते आणि प्रत्येक पाकळीची कड टवक्याची जागा. एकही टवका नाही असं फूल दिसलं तर आधी दुरुस्ती शोधावी. रॉयल डोल्टनच्या बाहुल्यांवर एचएन क्रमांक असतो. तो केवळ मूर्तीचा नसून रंगसंगतीचाही आहे. ‘टॉप ओ’ द हिल’चा लाल झगा १८३४, हिरवा १८३३. बोटं, मान, टोपीची कड आणि हातातली फुलं एवढ्याच जागा तपासल्या तरी पुष्कळ. बुडाला असलेलं छोटं भोक दोष नाही. पोकळ मूर्ती भाजताना आतली हवा बाहेर जायला ते ठेवावंच लागतं.

घरी आणल्यावर धुणं. प्लास्टिकचं घमेलं, तळाशी टॉवेल, हाताला सहज सोसेल असं कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, एका वेळी एकच नग. अंगठ्या काढून ठेवा. डिशवॉशर अजिबात नाही: त्याची क्षारीय पावडर आणि गरम पाणी मिळून सोनं आणि वरचे रंग खातात. ब्लीचही नाही. कपात बसलेला चहाचा डाग असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून बोटाने लावायचा, किंवा कवळी धुण्याची गोळी टाकून डागाच्या रेषेपर्यंतच पाणी भरून ठेवायचं, वरच्या सोन्याला लागू न देता. दुकानाचं चिकट लेबल सोन्यावर असेल तर ओढू नका, खालचं सोनं सोबत येतं. खोबरेल तेलाचा बोळा तासभर ठेवला की सुटतं.

वापरायचं का? जरूर. पण थंडीत गार पडलेल्या कपात उकळता चहा ओतायचा नाही. आधी कोमट पाण्याने विसळून घ्यावा. सोनेरी कडेचा कप मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडवतो. जुन्या मालात झिलईवरच्या लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांत शिसं आणि कॅडमियम असू शकतं, म्हणून आंबट पदार्थ या भांड्यांत साठवू नयेत. लोणचं, लिंबाचं सरबत, चिंचेची चटणी यांना काच बरी. अधूनमधून चहा पिण्याची गोष्ट वेगळी.

ठेवताना प्लेटांमध्ये फेल्ट किंवा मऊ कागद, एका गठ्ठ्यात आठाहून जास्त नाहीत. कप एकात एक घालायचे नाहीत आणि कानाला अडकवून टांगायचेही नाहीत. भिंतीवर प्लेट लावायची तर स्प्रिंगचा तारी हुक प्लेटच्या मापाचा हवा; घट्ट बसला तर कडेवर सतत ताण राहतो.

भारतात आणायचं असेल तर पॅकिंग असं. कपाच्या पोकळीत आधी मऊ कागद, मग कानाच्या भोकात कागद, मग पूर्ण गुंडाळी. छापील वर्तमानपत्र थेट लावू नका, शाई बुडाच्या उघड्या कड्याला आणि सोन्याला लागते. प्लेटा आडव्या नाही, उभ्या. धक्का कडेवर आला तर ती सोसते, पोटावर आला तर तडकते. किटलीचं झाकण किटलीवर ठेवून कधीच पाठवू नका, वेगळी गुंडाळी करून शेजारी ठेवा. पेटीत पेटी, मध्ये चारही बाजूंनी निदान ५ सेंटीमीटर भराव, आणि हलवून बघायची: आत आवाज आला तर पुन्हा उघडायची. किटली शक्यतो हातातल्या सामानात. विमानाच्या पोटातून आलेली पेटी घरी पोचली की लगेच उघडून गरम पाण्यात धुवायला घेऊ नका, रात्रभर तशीच खोलीत राहू द्या.